तोफांच्या मागोमाग सात दिवस: टिकॉन्डेरोगा ते बोस्टन

१७७५च्या हिवाळ्यात टिकॉन्डेरोगाहून बोस्टनला तोफा नेणाऱ्या हेन्री नॉक्सच्या प्रवासाला पाणी तीन रूपांत हवं होतं. लेक जॉर्जवर ते वाहतं हवं, म्हणजे होड्या चालतील. हडसन नदीवर ते गोठलेलं हवं आणि तो थर जाड हवा, म्हणजे तोफा वरून जातील. उरलेल्या वाटेवर ते हिम होऊन जमिनीवर पसरलेलं हवं, म्हणजे घसरगाड्या सरकतील. (आभाळातून पडतं ते हिम आणि पाणी गोठून होतो तो बर्फ, असा फरक इथे पाळला आहे. या प्रवासात तो फार महत्त्वाचा ठरला.) तिन्ही गोष्टी ठरल्या क्रमाने आणि ठरल्या वेळी मिळाल्या असत्या, तर काम सोळा-सतरा दिवसांचं होतं. तशा त्या मिळाल्या नाहीत. नॉक्सने त्यावर काय उपाय केले, हे पाहायचं असेल तर त्याच्या वाटेनेच जायला हवं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला, एप्रिल १७७५मध्ये लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला चकमकी झाल्या आणि वसाहतींच्या फौजांनी बोस्टनला वेढा घातला. शहरात इंग्रज सैन्य आणि बंदरात इंग्रज आरमार होतं. जुलैत जॉर्ज वॉशिंग्टनने वेढ्याची सूत्रं हाती घेतली, तेव्हा त्याच्याकडे माणसं होती, पण जड तोफा नव्हत्या. तोफा होत्या त्या दूर उत्तरेला, टिकॉन्डेरोगाच्या किल्ल्यात. हा किल्ला इथन ॲलन आणि बेनेडिक्ट अरनॉल्ड यांनी १० मे १७७५ला इंग्रजांकडून घेतला होता. १६ नोव्हेंबरला वॉशिंग्टनने नॉक्सला या तोफा आणण्याचं आज्ञापत्र दिलं आणि १,००० पौंडांपर्यंत खर्चाची मुभा दिली.

नॉक्स तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. बोस्टनच्या कॉर्नहिल भागात त्याचं पुस्तकांचं दुकान होतं. वडील गेल्यावर शाळा सोडून तो एका पुस्तकबांधणीच्या दुकानात लागला आणि १७७१मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. तोफखान्याचं ज्ञान त्याने मुख्यतः वाचून मिळवलं. १७७३मध्ये शिकारीची बंदूक फुटून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. सोबतीला धाकटा भाऊ विल्यम होता.

मोटारीने हा मार्ग तीन दिवसांत उरकता येतो, पण सात दिवस ठेवा. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. टिकॉन्डेरोगाचा किल्ला हिवाळ्यात रोज उघडा नसतो आणि जानेवारीत बर्कशरच्या डोंगरातले रस्ते नवख्या चालकाने टाळलेलेच बरे. वाटेवर १९२६-२७ साली बसवलेले खुणेचे दगड आहेत, मूळ संख्या ५६. ग्रॅनाइटवर कांस्याचा पत्रा असं त्यांचं रूप आहे. काही चौकात आहेत, काही शेताच्या कडेला. गाडी हळू असेल तरच दिसतात. त्यांवर ‘जनरल हेन्री नॉक्स’ असं कोरलेलं आहे, पण या वाटेवर तो जनरल नव्हता, नुकताच कर्नल नेमला गेला होता.

पहिला दिवस: टिकॉन्डेरोगा

ऑल्बनीहून उत्तरेला साधारण शंभर मैल. सकाळी किल्ला उघडताच आत शिरा, कारण इथे पूर्ण दिवस लागतो. फ्रेंचांनी १७५५पासून तो बांधला, तेव्हा नाव होतं कॅरिलॉन. १७५९मध्ये तो इंग्रजांकडे गेला. लेक शँप्लेन आणि लेक जॉर्ज यांच्यामधली चिंचोळी वाट तो अडवतो. कॅनडाहून हडसनच्या खोऱ्यात उतरणाऱ्या फौजेला दुसरी सोयीची वाट नव्हती. तटावर उभं राहिलं की हे नकाशाशिवाय कळतं.

तटावर आणि आवारात त्या काळच्या तोफांचा मोठा संग्रह आहे. तो घाईने बघू नये. ‘अठरा पौंडी’ म्हणजे तोफेचं वजन नव्हे, तिच्या गोळ्याचं वजन. लोखंडी अठरा पौंडी तोफ स्वतः चार हजार पौंडांच्या घरात जाते, म्हणजे सुमारे १,८०० किलो. लांब नळीची तोफ सरळसोट मारा करते. आखूड, रुंद तोंडाची उखळी तोफ गोळा उंच फेकते आणि तो तटाच्या पलीकडे वरून पडतो. हॉवित्झर या दोहोंच्या मधली. शहराला वेढा घालायचा तर तिन्ही लागतात.

नॉक्स ५ डिसेंबरला इथे पोहोचला. दिसेल ती तोफ उचलून न्यायची नव्हती, निवड करायची होती. तोफ पारखताना आधी बघतात बत्ती द्यायचं भोक. सतत वापराने ते रुंदावलं असेल तर दारूचा जोर तिथूनच निसटतो आणि गोळा जवळ पडतो. मग नळीच्या आत तडा आहे का ते बघायचं, कारण तडा गेलेली तोफ आपल्याच गोलंदाजांना मारते. शेवटी दोन्ही बाजूंचे आडवे खुंट बघायचे, ज्यांवर ती गाड्यात टेकते. एक खुंट तुटला की ती तोफ म्हणजे नुसतं भंगार. संग्रहातल्या प्रत्येक नळीवर या तीन जागा शोधून पाहाव्यात.

यादी ठरली: ४३ तोफा, १४ उखळी तोफा, २ हॉवित्झर. त्याच्या टिपणाप्रमाणे एकूण वजन १,१९,९०० पौंड, म्हणजे सुमारे ५४ टन. शिवाय २३ पेट्या शिसं, वजन २,३०० पौंड, आणि बंदुकांच्या चकमकीसाठी गारगोट्यांचं एक पिंप. बंदुकीच्या दारूचा साठा यात नव्हता. त्याचे परिणाम सातव्या दिवशी दिसतील.

दुपारी गावातल्या ला शूट नदीकाठी जा. लेक जॉर्जचं पाणी या छोट्या नदीतून लेक शँप्लेनमध्ये उतरतं. अंतर साडेतीन मैलांच्या आसपास, पण उतार दोनशे फुटांहून जास्त आणि मध्ये धबधबे. नकाशावर दोन तलाव चिकटलेले दिसतात, पण होडी इथून जाऊच शकत नाही. त्यामुळे किल्ल्यातून काढलेली प्रत्येक तोफ आधी जमिनीवरून वरच्या तलावाच्या धक्क्यापर्यंत न्यावी लागली. धबधब्याजवळच्या पायवाटेवर उभं राहून पाण्याचा आवाज ऐका. नॉक्सचे पहिले चार दिवस एवढ्याशा टप्प्यात का गेले, ते तिथे समजतं.

दुसरा दिवस: लेक जॉर्ज

९एन क्रमांकाचा रस्ता तलावाच्या पश्चिम काठाने जातो. तलाव ३२ मैल लांब. सबाथ डे पॉइंटजवळ थांबायचं.

९ डिसेंबरला तोफा होड्यांवर चढवल्या. तीन जातींची नावं वापरली होती. एक सपाट बुडाची मोठी नाव, तिच्यावर सर्वांत जड माल. एक शिडाची होडी. आणि काही हलक्या वल्ह्यांच्या होड्या. वारा उलटा होता. वल्ही मारून हात भरून आले. नॉक्स पुढच्या हलक्या होडीत होता आणि रात्री सबाथ डे पॉइंटला उतरला. तिथे एका झोपडीत काही मूळनिवासी लोक होते. त्यांनी शेकोटीजवळ जागा दिली, आपल्या पद्धतीने भाजलेलं हरणाचं मांस दिलं. ते फार चवदार लागलं, असं त्याने रोजनिशीत आवर्जून लिहून ठेवलं आहे.

मागे जड नाव पाण्याखालच्या खडकावर चढली. विल्यमने ती सोडवली, तर पुढे तिच्यात पाणी भरून ती बुडाली. नशिबाने काठ जवळ होता. तळ लागला तरी कडा पाण्याच्या वर राहिल्या, म्हणून पाणी उपसून, डागडुजी करून तिला पुन्हा तरंगवता आलं. सपाट बुडाच्या नावेचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहे. ती उथळ पाण्यात चालते, म्हणून काठाने नेता येते, आणि काठाने नेली की खडक लागतात. तलावाच्या मध्यावर बुडाली असती तर तोफा गेल्याच होत्या. या किनाऱ्यालगतचे खडक स्वच्छ दिवशी वरूनही दिसतात.

संध्याकाळपर्यंत लेक जॉर्ज गावात पोहोचा. गावाच्या दक्षिणेला रणभूमीच्या उद्यानात फोर्ट जॉर्जचे अवशेष आहेत. १७ डिसेंबरला नॉक्सने इथून वॉशिंग्टनला पत्र लिहिलं: ४२ अतिशय मजबूत घसरगाड्या करून घेतल्या आहेत, स्प्रिंगफील्डपर्यंत ओढायला बैलांच्या ८० जोड्या ठरवल्या आहेत, सोळा-सतरा दिवसांत तोफांचा ‘उमदा ताफा’ हजर करीन.

यातले बैल आलेच नाहीत. स्टिलवॉटरच्या पामर नावाच्या माणसाशी बोलणं झालं होतं, पण उत्तर विभागाचा सेनापती फिलिप स्कायलर याला भाव पटला नाही आणि सौदा मोडला. मग स्कायलरने आपला गाडीखान्याचा मुख्य माणूस आणि इतर लोक गावोगाव पाठवले. दर ठरला घोड्यांच्या एका जोडीला दिवसाला १२ शिलिंग, किंवा ६२ मैलांसाठी टनाला ७ पौंड. डिसेंबरअखेर सुमारे १२४ जोड्यांची यादी आली. शेतकऱ्यांच्या घसरगाड्या सोबत होत्या, पण जड तोफांना त्या पुरणार नाहीत अशी नॉक्सला धास्ती होती. ती योग्यच होती. शेतावरची गाडी लाकूडफाटा आणि धान्य वाहायला केलेली असते. तिथे भार गाडीभर पसरतो. तोफेचा सगळा भार मध्यावर एकवटतो आणि आडवे दांडे तिथेच मोडतात.

चाकाची गाडी का नाही, हा प्रश्न इथे हमखास पडतो. दोन टनांचा भार अरुंद चाकावर आला की ओल्या मातीत चाक रुततं. घसरगाडीच्या लांब धावा (खालच्या सरकपट्ट्या) तोच भार हिमावर पसरवतात आणि घर्षण कमी होतं. हिम नसेल तर मात्र त्याच धावा उघड्या दगडमातीवर घासतात आणि जनावरं जागची हलत नाहीत. म्हणून सगळे आभाळाकडे डोळे लावून बसले होते.

तिसरा दिवस: हडसनच्या काठाने ऑल्बनी

ग्लेन्स फॉल्स, फोर्ट एडवर्ड आणि मग ४ क्रमांकाचा रस्ता हडसनच्या काठाने दक्षिणेला. सॅराटोगाची मोठी रणभूमी वाटेत लागते, पण ती लढाई १७७७ची. तिला स्वतंत्र दिवस द्यावा, या प्रवासात तिच्यात गुंतू नये.

२५ डिसेंबरला हवं होतं ते हिम पडलं, आणि हवं त्याहून फार जास्त पडलं. दोन फूट. नॉक्स पुढची व्यवस्था लावायला ऑल्बनीकडे निघाला होता. घोडे पुढे सरकेनात, काही अंतर त्याला पायी तुडवावं लागलं आणि थंडीने जीव जायची वेळ आली. पाठोपाठ वितळण सुरू झाली. ५ जानेवारीच्या पत्रात त्याने वॉशिंग्टनला अडचण सांगितली: लेक जॉर्ज ते ऑल्बनी या टप्प्यात हडसन चार वेळा ओलांडायची आहे, या निर्दय वितळणीने ते अडलं आहे, एक कडाक्याची रात्र पडली की काम होईल.

बर्फ कसा जाड केला, हे या प्रवासातलं सर्वांत शिकण्यासारखं काम. नदी ओलांडायच्या जागी बर्फात भोकं पाडली. खालच्या प्रवाहाच्या दाबाने पाणी भोकातून वर आलं, बर्फावर पसरलं आणि रात्रीच्या थंडीत गोठलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. थरावर थर चढत गेला. यात दोन ठिकाणी चुकतं. रात्र पुरेशी थंड नसेल तर वर आलेलं पाणी गोठत नाही, उलट जुना बर्फ सडवतं. आणि भोकं वाटेच्या अगदी मध्यावर पाडली तर तिथून तडे जातात.

वॉटरफर्डजवळ मोहॉक नदी हडसनला मिळते. पीबल्स बेटावरच्या उद्यानात गाडी लावून दोन्ही पात्रं बघा, पाऊणएक तासात फेरी होते. मोहॉक ओलांडायची रीत जॉन बेकर याच्या आठवणींतून कळते. तो तेव्हा बारा वर्षांचा होता आणि गाडीवान वडिलांबरोबर आला होता. घोडे गाडीला नेहमीसारखे जवळ जुंपायचे नाहीत. गाडीच्या दांड्याला सुमारे चाळीस फुटांचा दोर बांधून घोडे पुढे ठेवायचे. त्याने भार एका जागी येत नाही आणि गाडी बुडाली तरी घोडे वाचतात. बाजूने चालणाऱ्या गाडीवानाच्या हातात धारदार कुऱ्हाड असायची. बर्फ कडाडला की घाव घालून दोर तोडायचा. एवढं करूनही हाफ मूनला एक तोफ बर्फातून खाली गेलीच.

ऑल्बनीला मुक्काम. स्कायलरचा विटांचा वाडा संग्रहालय म्हणून जपला आहे. नॉक्स इथे येत-जात होता. या घराचा आणि जमिनीचा कारभार गुलाम केलेल्या माणसांच्या श्रमावर चालायचा, तेही तिथे सांगितलं जातं आणि ते ऐकायलाच हवं.

नंतर नदीकाठी जा. ७ जानेवारीला इथे हडसन ओलांडताना एक जड तोफ बुडाली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढली आणि २३ गाड्या पार केल्या. बुडालेली तोफ काढायला ऑल्बनीचे लोक धावून आले, म्हणून नॉक्सने तिचं नाव ‘द ऑल्बनी’ ठेवलं. रोजनिशीत त्याने श्रेय स्वच्छपणे गावकऱ्यांना दिलं आहे. पात्राची रुंदी बघितली, की दोर, माणसं आणि थंड पाणी एवढ्या जोरावर दोन टनांचं लोखंड वर ओढणं काय असेल याचा अंदाज येतो.

चौथा दिवस: किंडरहुक, क्लॅव्हरॅक, ग्रेट बॅरिंग्टन

हा दिवस सोपा. ९ जानेवारीला नॉक्स ऑल्बनीहून निघाला. किंडरहुकपर्यंत खोरं सपाट आहे, नंतर क्लॅव्हरॅकहून २३ क्रमांकाचा रस्ता पूर्वेला डोंगराकडे वळतो. जुनी डच वळणाची घरं, सफरचंदांच्या बागा. खुणेचे दगड इथे बरेच सापडतात. हिल्सडेलहून मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत शिरताना आल्फर्डच्या वाटेवरचा दगड चुकवू नका. ग्रेट बॅरिंग्टनला राहावं आणि मोटारीची टाकी इथेच भरून घ्यावी, कारण पुढे डोंगरात पंप कमी आहेत.

पाचवा दिवस: बर्कशरचा घाट

रस्ता अजूनही २३ क्रमांकाचाच. मॉंटेरी, ओटिस, ब्लँडफर्ड आणि खाली वेस्टफील्ड. मोटारीने दीड तास. नॉक्सच्या वाटेचा सर्वांत अवघड भाग हाच, म्हणून इथे सबंध दिवस द्यायचा.

ओटिसच्या सरकारी जंगलात जुन्या वाटेचा एक तुकडा डांबर न पडता राहिला आहे. लोअर स्पेक्टॅकल पाँड या तळ्याच्या बाजूने गेलात की तो सापडतो. पायात चांगले बूट हवेत, कारण खाली गोल दगड आणि मुळं. वाट गाडीभर रुंद आहे. तिची चढण चालून बघा. १० जानेवारीला नॉक्सने लिहिलं की, जिथून पृथ्वीवरची सगळी राज्यं दिसावीत असे डोंगर चढून आलो. दुसऱ्या दिवशी ‘ग्रीन वुड्स’ नावाच्या दाट जंगलातून बारा मैल जाऊन तो ब्लँडफर्डला पोहोचला. इतक्या जड ओझ्यांसह माणसं हे चढउतार कसे पार करतात, हा जवळजवळ चमत्कार वाटतो, असंही त्याने लिहिलं.

चढणीपेक्षा उतार जास्त घातक होता. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटेने भरली बैलगाडी उतरवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चढताना गाडी अडते, उतरताना ती जनावरांच्या अंगावर येते. चार हजार पौंडांची तोफ एकदा सुटली की तिला थांबवणारं काही नाही. म्हणून तीन उपाय एकत्र केले. धावांना साखळदंड गुंडाळले, म्हणजे त्या जमिनीला घासून वेग मारतील. धावांच्या पुढे आडवे वासे घातले. आणि गाडीच्या मागे दोरखंड बांधून त्याचा वेढा झाडाच्या बुंध्याला दिला, म्हणजे दोर सैल सोडत गाडी हळूहळू खाली घेता येते. पुढच्या झाडापर्यंत पोहोचलं की गाडीला अडण लावून थांबवायचं, दोर सोडायचा, नव्या बुंध्याला वेढा द्यायचा. प्रत्येक गाडीला, प्रत्येक टप्प्यावर हेच. दोर ओला होऊन गोठला तर वेढा सरकत नाही. साखळी तुटली तर सगळा भार दोरावर येतो. माणसांच्या डोक्याला विसावा नसायचा.

११ जानेवारीला ब्लँडफर्डला काम थांबलं. पुढची तुकडी इथे अडून बसली होती. गाडीवान म्हणाले, पाच-सहा मैलांपुढे हिम नाही आणि मध्ये वेस्टफील्डचा डोंगर उतरायचा आहे. आम्ही जात नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. ही त्यांची स्वतःची जनावरं होती, पाय मोडला तर नुकसान त्यांचंच. नॉक्सने त्यांच्याशी तीन तास बोलणी केली. त्याने बैलांच्या दोन जोड्या वेगळ्या भाड्याने ठरवल्या, तेव्हा ते तयार झाले. युद्धाच्या वर्णनांत हे तीन तास सहसा निसटतात. या प्रवासातली सर्वांत अवघड घडी तीच होती, असं आमचं मत आहे. नदीत बुडालेली तोफ काढता येते. गाडीवान घरी परतले असते तर ५९ तोफा डोंगरातच राहिल्या असत्या. आणि नॉक्सच्या हाती हुकूम चालवण्याचा अधिकार फारसा नव्हता, होती ती पैशाची थैली आणि दुकानदाराची जीभ.

ब्लँडफर्ड सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे आणि वेस्टफील्ड दीडशेच्या आसपास. पंधरा मैलांच्या आत हा उतार उतरतो. मोटार खालच्या गिअरमध्ये ठेवा. वेस्टफील्डला लोक तोफा बघायला लोटले. बेकर सांगतो की, गावकऱ्यांनी सफरचंदाची सायडर आणि व्हिस्की आणली, तोफांना हात लावून बघितला आणि ‘ओल्ड साऊ’ नावाची एक मोठी उखळी तोफ त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा उडवण्यात आली.

सहावा दिवस: स्प्रिंगफील्ड ते केंब्रिज

स्प्रिंगफील्डला न्यूयॉर्कचे गाडीवान परतले. पुढे मॅसॅच्युसेट्सचे बैल आले. इथल्या शस्त्रागाराचं संग्रहालय जरूर बघावं. १७७७मध्ये इथे शस्त्रसाठा उभारला गेला, जागा सुचवणाऱ्यांत नॉक्स होता. पुढे तो अमेरिकेचा पहिला युद्धमंत्री झाला. मराठी वाचकाला इथे एक दुवा आठवेल. १७८१मध्ये यॉर्कटाउनला नॉक्सच्या तोफखान्याने ज्या कॉर्नवॉलिसला शरण यायला भाग पाडलं, तोच १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडक्यांच्या फौजेशेजारी उभा राहिला.

नंतर पामर, वॉरन, ब्रुकफील्ड, स्पेन्सर, लेस्टर, वूस्टर, श्रूजबरी, मार्लबरो. श्रूजबरी, वेस्टबरो, मार्लबरो भागात आज मराठी घरं पुष्कळ आहेत आणि त्यातले अनेक जण रोज कामाला जाताना हे दगड ओलांडतात. फ्रेमिंगहॅमला तोफा काही काळ ठेवल्या होत्या. २५ जानेवारी १७७६ला जॉन ॲडम्सने (पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष) त्या तिथे पाहिल्या आणि आपल्या रोजनिशीत त्यांची मोजदाद लिहून ठेवली.

केंब्रिजला ब्रॅटल रस्त्यावरचं वॉशिंग्टनचं मुख्यालय बघा. नॉक्सचा हिशेब इथे सादर झाला: मंजूर १,००० पौंड, खर्च ५२० पौंड १५ शिलिंग आणि वर काही पेन्स. अर्ध्यापेक्षा थोडा जास्त. बेभरवशाच्या हवेत, मोडलेल्या सौद्यानंतर आणि ऐनवेळच्या भाड्यांसकट हा आकडा आहे.

सातवा दिवस: डॉर्चेस्टरची टेकडी

तोफा आल्या तरी महिनाभर त्या गप्पच होत्या. दारू नव्हती. ती जमेपर्यंत, आणि जागा ठरेपर्यंत, मार्च उजाडला. २ मार्चपासून तीन रात्री लेचमिअर पॉइंट, कॉबल हिल आणि रॉक्सबरी इथून शहरावर मारा केला. इंग्रजांचं लक्ष तिकडे गुंतवायचं होतं. या माऱ्यात पाच उखळी तोफा फुटल्या, दोन तेरा इंची आणि तीन दहा इंची. ओतकामात दोष होता की गोलंदाज नवखे होते, हे वॉशिंग्टनलाही ठरवता आलं नाही.

खरं काम ४ मार्चच्या रात्री डॉर्चेस्टरच्या टेकडीवर झालं. जमीन दीड फूट खोल गोठली होती, चर खणणं शक्य नव्हतं. रूफस पटनम याने तोड काढली. लष्करी अभियांत्रिकीच्या एका उसन्या पुस्तकात त्याला लाकडी चौकटींची कल्पना सापडली. चौकटी आधीच तयार करायच्या, जागेवर नेऊन उभ्या करायच्या आणि त्यांत काटक्यांच्या मोळ्या आणि गवताचे दाबलेले गठ्ठे भरायचे. जमीन न खणता तट उभा राहतो. जनरल टॉमसच्या हाताखाली १,२०० माणसं कामाला आणि ८०० राखणीला, तीनशेहून अधिक बैलगाड्या. वाटेच्या शहराकडच्या बाजूला गवताचे गठ्ठे रचले, म्हणजे हालचाल दिसू नये आणि आवाज अडावा. तटापुढे माती-दगडांनी भरलेली पिंपं मांडली, चढून येणाऱ्यांवर लोटायला. पहाटे इंग्रजांनी वर बघितलं तेव्हा टेकडीवर मोर्चे तयार होते.

इंग्रज सेनापती विल्यम हॉवने हल्ल्याची तयारी केली, पण ५ मार्चच्या रात्री मोठं वादळ झालं आणि होड्या निघू शकल्या नाहीत. टेकडीवरच्या तोफांखाली आरमाराला बंदरात राहता येणार नव्हतं. १७ मार्च १७७६, रविवार. सुमारे ९,००० सैनिक आणि हजारावर राजनिष्ठ नागरिक जहाजांनी निघून गेले. नॉक्सची बायको ल्यूसी मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या राजनियुक्त सचिवाची मुलगी होती. तिच्या माहेरची माणसं देश सोडून गेली आणि तिची त्यांच्याशी पुन्हा भेट झाली नाही.

टेकडीवर आता टॉमस पार्क आहे, मध्ये १९०२चा पांढऱ्या संगमरवराचा ११५ फुटी मनोरा. मनोऱ्यात वर जाता येईल की नाही हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. खालूनही काम होतं. सकाळी दहाच्या आत जा, ऊन पाठीशी असतं आणि शहर स्पष्ट दिसतं. वायव्येला बोस्टनच्या उंच इमारती, पूर्वेला बंदर. तेव्हा ही टेकडी एका चिंचोळ्या द्वीपकल्पावर होती. आजूबाजूची बरीच जमीन नंतर भर घालून केलेली आहे, म्हणून पाणी मनातल्या मनात घरांपर्यंत आत आणावं लागतं. शहराच्या सर्वांत जवळची नूक्स हिल ही छोटी टेकडी तर उरलीच नाही, एकोणिसाव्या शतकात ती कापून सपाट केली. १६ मार्चच्या रात्री वॉशिंग्टनच्या माणसांनी तिच्यावर मोर्चा बांधला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजांची शिडं उघडली.